दोन औषधांची बेरीज

१९३६ साली गांधीजी सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला आले आणि त्याच वर्षी त्यांना हिवतापाने गाठले. तेव्हाचे औषध कोयनेल. पुढे क्लोरोक्वीन आले. पण १९७३ मध्ये आसामात फाल्सिपेरम जातीचे परजीवी त्यालाही दाद देईनात. म्हणून या जातीच्या हिवतापावर आता दोन औषधांची जोडी देतात.

मात्र कोणतीही दोन औषधे जोडून चालत नाही. प्रयोगशाळेत माणसाच्या तांबड्या रक्तपेशींत परजीवी वाढवतात. एकेक औषध वेगळे, मग दोन्ही एकत्र घालून बघतात. परजीवींची वाढ निम्मी व्हायला किती मात्रा लागली? एकत्र दिल्यावर अपेक्षेपेक्षा कमी लागली, तर औषधे एकमेकांना हात देतात. जास्त लागली, तर पाय ओढतात. काचेतली जोडी पुढे रुग्णांतही पारखावी लागते.

जोडीतले आर्टेसुनेट झपाट्याने काम करते आणि काही तासांत रक्तातून निघून जाते. सोबतचे औषध मागे रेंगाळून उरलेल्या परजीवींना गाठते. म्हणून मंडळी, दुसऱ्या दिवशी ताप उतरला तरी तिसऱ्या दिवसाच्या गोळ्या फडताळात ठेवू नका. प्रयोगशाळेत जुळवलेली बेरीज घरातच चुकते, आणि वाचलेले परजीवी औषधाला सरावतात.