चर्चमधला प्याला

नगर जिल्ह्यातल्या एका मराठी चर्चमध्ये उपासना पाहायला गेलो. मी बौद्ध, उभे कधी राहावे, हे शेजाऱ्याकडे पाहून ठरवीत होतो. गीते मात्र परकी वाटली नाहीत. १८९५ साली ख्रिस्ती झालेल्या ना. वा. टिळकांची, अभंगाच्या घाटाची.

मग प्रभुभोजन. बाप्तिस्मा नसल्याने मी बाकावरच. एकच प्याला ओठांमागून ओठांना लागत होता. आमच्या बापजाद्यांची कपबशी हॉटेलाबाहेर वेगळी असे. तेव्हा ही गोष्ट लहान नव्हे. पण रांगेत बहुतेक पूर्वाश्रमीचे महार-मांगच. विटाळ मोडायला समोर दुसरे होते कोण?

१९५० च्या राष्ट्रपती आदेशानुसार ख्रिस्ती दलित अनुसूचित जातीत येत नाहीत. बौद्धांना केंद्राने १९९० साली घेतले. बाहेर पडताना एका आजोबांनी विचारले, "सर, नातवाच्या दाखल्यावर काय लिहू?"