कॅमेऱ्यासोबत कोंडलेली हवा

मालवण किंवा नेत्राणीच्या समुद्रात कॅमेरा घेऊन उतरणाऱ्यांची एक तक्रार हमखास ऐकू येते. सुरुवातीची काही मिनिटं चित्रण स्वच्छ येतं, मग काचेच्या मधोमध पांढुरकं धुकं धरतं आणि वर येईपर्यंत हटत नाही. हाउसिंगमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या जलरोधक डबीत, पाणी शिरलं, असंच आधी वाटतं. बहुतेक वेळा पाणी शिरलेलं नसतं. होडीवर झाकण लावताना दमट हवा आपणच कॅमेऱ्यासोबत आत कोंडलेली असते.

फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला बाहेरून जसा घाम फुटतो, तसा इथे काचेला आतून फुटतो. चित्रण चालू असताना कॅमेरा तापतो, त्याच्याभोवतीची हवाही तापते. समोरची काच मात्र समुद्राच्या पाण्याला लागून गारच राहते. ॲल्युमिनियमच्या हाउसिंगच्या भिंतीही गार होतात, त्यामुळे बाष्प तिथेही जमतं. प्लास्टिकच्या भिंती तितक्या गार पडत नाहीत आणि सगळी ओल काचेवरच येऊन बसते.

ही ओल किती थोडी लागते, ते पाहण्यासारखं आहे. ३० अंश सेल्सियसच्या एक लिटर हवेत जास्तीत जास्त ३० मिलिग्रॅमच्या आसपास बाष्प मावतं. पाण्याचा एक थेंब साधारण ५० मिलिग्रॅमचा. म्हणजे झाकण लावताना ओल्या केसांतून एक थेंब आत पडला, तरी लिटरभर हवा पुरती भिजवायला तो पुरेसा आहे. ॲक्शन कॅमेऱ्याच्या डबीत तर लिटरभर हवाही नसते. दोन डाइव्हच्या मध्ये, ओल्या हातांनी, बॅटरी बदलण्यासाठी डबी उघडणं सर्वांत महागात पडतं ते यामुळेच.

म्हणून झाकण लावण्याचं काम आदल्या रात्री, खोलीत, कोरड्या हातांनी उरकावं. एसी चालू असलेल्या २४ अंशांच्या खोलीत आर्द्रता पन्नास टक्के असेल, तर लिटरभर हवेत जेमतेम ११ मिलिग्रॅम बाष्प असतं. अशा हवेतलं दव धरायला काच सुमारे १३ अंशांपर्यंत गार व्हावी लागेल; कोकणच्या उथळ पाण्यात तसं होत नाही. बॅटरी पूर्ण चार्ज, कार्ड रिकामं, झाकणाच्या रबरी ओ-रिंगवर केस किंवा वाळूचा कण नाही, हे पाहून झाकण लावायचं आणि दोन्ही डाइव्ह होईपर्यंत उघडायचं नाही. सकाळी खोलीबाहेर येताच काच धुरकट होईल. ती ओल बाहेरची असते, फडक्याने पुसली की जाते. तेवढ्यासाठी घाबरून झाकण उघडलं, तर रात्रीची मेहनत फुकट.

घरगुती निवासात एसी नसेल, तर सिलिका जेलवर भिस्त ठेवावी लागते. पाच ग्रॅमची कोरडी पुडी डबीतल्या बाष्पाच्या कितीतरी पट ओल शोषू शकते. पण तिला वेळ लागतो, त्यामुळे होडीवर घाईने टाकलेली पुडी वेळेत उपयोगी पडत नाही. शिवाय बॅगेत महिनोन्‌महिने उघडी पडलेली पुडी आधीच ओल पिऊन बसलेली असते. रंग बदलणारे नारिंगी दाणे घ्यावेत. हिरवट झाले की काम संपलं. ते ओव्हनमध्ये १२० अंशांच्या आसपास दोनेक तास तापवून पुन्हा वापरता येतात. कोरडे दाणे घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावेत आणि हाउसिंगमध्ये भरताना ते ओ-रिंगखाली अडकणार नाहीत याची काळजी घ्यावी.

होडीवर कॅमेरा उन्हात ठेवू नये. तापलेली डबी एकदम पाण्यात गेली की काच आधी गार होते. ओल्या टॉवेलखाली किंवा पाण्याच्या बादलीत ठेवलेला बरा. झाकण उघडावंच लागलं, तर आधी केस आणि हात पुसावेत, हाउसिंग बाहेरून कोरडं करावं आणि सावलीत बसून ते उघडावं.

खरी गळती मात्र वेगळी ओळखू येते. काचेवर धूसर थर नसतो, तळाशी थेंब हलताना दिसतात. तेव्हा काच खाली करून धरावी, म्हणजे पाणी काचेच्या बाजूला साचतं आणि कॅमेरा वाचण्याची शक्यता राहते. इन्स्ट्रक्टरला खूण करून नेहमीच्याच संथ गतीने वर यावं. कॅमेऱ्यापायी झपाट्याने वर येणं फुप्फुसांना धोक्याचं असतं.