रंगातील दोष दाखवणारा घरगुती दिवा

चौमहल्ला राजवाड्यातील निजामांची १९१२ सालची पिवळी रोल्स रॉइस तुम्ही पाहिली असेल. गाडीचा चकाकता रंग म्हणजे आरसाच! म्हणून त्यातील दोष प्रतिबिंबात दिसतात.

ते पाहण्यासाठी आम्ही दिवा केला. पुठ्ठ्याच्या खोक्यात बॅटरीवरची एलईडी पट्टी बसवली, तोंडावर ट्रेसिंग कागद लावला आणि त्यावर काळ्या चिकटपट्टीच्या समांतर रेघा चिकटवल्या. पुसलेल्या गाडीसमोर सावलीत तो सावकाश सरकवावा. गोलाईवर रेघांचे प्रतिबिंब हळूहळू वळते. अचानक वाकले तर तेथे पोचा आहे. साध्या बॅटरीच्या झोतात बारीक ओरखडे कोळ्याच्या जाळ्यासारखे दिसतात.

पालकांनी जुनी गाडी घेताना हे जरूर करावे. एकाच दारावर रेघा डगमगल्या, तर पैसे देण्याआधी अपघाताबद्दल विचारावे.