निवृत्तीच्या आत हक्काचे घर

पंचेचाळिशी उलटते, मुलीचे लग्न होते, मुलगा शिकून कामाला लागतो आणि मग घरात प्रश्न निघतो, "रिटायर झाल्यावर राहायचे कुठे?" आपल्या वस्त्यांतून हा प्रश्न आम्ही वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. कुणी पालिकेच्या सफाई खात्यात, कुणी रेल्वेत, कुणी सरकारी कचेरीत शिपाई. नोकरीबरोबर मिळालेल्या खोलीत तीस वर्षे निघून जातात. पण ती खोली नोकरीची असते, आपली नसते. निवृत्तीनंतर ठराविक मुदतीत ती रिकामी करावी लागते. नाही केली, तर ग्रॅच्युइटीचे पैसेही अडकू शकतात.

उशीर झाला म्हणून कुणी मान खाली घालू नये. आपला पहिला पगार कधी एकट्याचा नव्हताच. गावाकडे म्हातारे आईवडील, धाकट्या भावंडांची शिक्षणे, बहिणींची लग्ने, दुखणीखुपणी, हे सारे त्यातूनच झाले. खुद्द बाबासाहेबांचा संसार वीस वर्षांहून अधिक काळ परळच्या बीआयटी चाळीतील दोन खोल्यांत होता. दादरच्या राजगृहात ते राहायला गेले ते चाळिशी ओलांडल्यावरच. तेव्हा उशिराचे दुःख बाजूला ठेवून कागद-पेन्सिल घेऊ या.

पहिला हिशेब वर्षांचा

तरुण माणूस विचारतो, बँक कर्ज किती देईल? आपण आधी विचारायचे, नोकरीची वर्षे किती उरली? कर्जाचा शेवटचा हप्ता शेवटच्या पगाराच्या आत फिटला पाहिजे. आमच्या सांगण्याचे सार एवढेच आहे.

दहा लाखांचे कर्ज ९ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी घेतले, तर महिना हप्ता सुमारे ९ हजार येतो. दहा वर्षांसाठी घेतले, तर १२ हजार ६६८. पहिला हप्ता हलका वाटतो, पण वीस वर्षांत एकूण २१ लाख ५९ हजार भरावे लागतात आणि दहा वर्षांत १५ लाख २० हजार. फरक सव्वासहा लाखांच्या वर गेला! शिवाय पन्नाशीत वीस वर्षांचे कर्ज घेतले, तर सत्तरीपर्यंत हप्ता भरायचा कशातून?

मुलाला सहकर्जदार केले, तर बँक मुदत वाढवून देते. मात्र त्यामुळे त्याचा पगार बांधला जातो. उद्या त्याचाही संसार उभा राहायचा आहे. म्हणून त्याला आणि होणाऱ्या सुनेचा विचार करून, समोर बसवून स्पष्ट विचारावे. सही करून घेऊन नंतर सांगू नये.

हप्त्याची तालीम

समजा वय ४८ आहे आणि साठाव्या वर्षी निवृत्ती आहे. लगेच कर्जाकडे धावू नये. आधी दोन वर्षे हप्ता चालू आहे असे समजून दरमहा साडेबारा हजार वेगळ्या खात्यात टाकावेत. पोस्टातले किंवा बँकेतले आवर्ती खाते त्यासाठी चांगले. दोन वर्षांत तीन लाख जमतात आणि एवढा हप्ता आपल्याला झेपतो का, हेही कळते. चार महिन्यांत ओढाताण झाली, तर घर लहान घ्यायचे किंवा आणखी लांबचे पाहायचे. बँकेच्या नोटिशीपेक्षा हा धडा स्वस्त पडतो.

पंधरा लाखांचे घर धरले, तर दहा लाख कर्ज आणि पाच लाख आपले. तीन लाख तालमीचे, उरलेले प्रॉव्हिडंट फंडातून. घरासाठी नोकरीत असतानाच फंडातून रक्कम काढता येते. पण सगळा फंड उपसू नये. घर झाले आणि औषधाला पैसा उरला नाही, असे होऊ देऊ नये.

तीस लाखांपर्यंतच्या कर्जाला बँक घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत देऊ शकते. म्हणजे या घरावर साडेतेरा लाख मिळू शकतात. पण दहा वर्षांत फेडायचे, तर हप्ता १७ हजारांवर जातो. बँक देते म्हणून घ्यायचे नसते.

मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च वेगळा. एवढ्या घराला तो लाखाच्या आसपास जातो आणि सहसा रोखीनेच उभा करावा लागतो. घर फक्त पत्नीच्या नावे घेतले, तर महाराष्ट्रात २०२१ पासून मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. पंधरा लाखांवर पंधरा हजार वाचतात. आयुष्यभर ज्या बाईने घर चालवले, तिच्या नावाची पाटी दारावर लागली तर त्यात वावगे काय?

सरकारी वाटा

म्हाडाच्या सोडतीत अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी घरे राखीव असतात. जातीचा दाखला, रहिवासी दाखला, उत्पन्नाचे कागद आधीच तयार ठेवावेत. जाहिरात आल्यावर तहसील कचेरीत धाव घेऊन वेळ पुरत नाही. नंबर लागला नाही, तर अनामत परत मिळते. आणि हे पक्के ध्यानात ठेवा, म्हाडाने कुणीही दलाल नेमलेला नाही. "आतून करून देतो" म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नये.

पंतप्रधान आवास योजनेचा शहरांसाठीचा दुसरा टप्पा २०२४ मध्ये सुरू झाला. त्यात वार्षिक उत्पन्न नऊ लाखांपर्यंत असलेल्या आणि देशात कुठेही पक्के घर नसलेल्या कुटुंबाला कर्जाच्या व्याजावर जास्तीत जास्त १ लाख ८० हजारांचे अनुदान ठरले आहे. ज्यांना गावीच परतायचे आहे, त्यांनी रमाई घरकुल योजनेची चौकशी ग्रामपंचायतीत किंवा पंचायत समितीत जरूर करावी.

स्वस्ताचा सापळा

थोडक्या पैशात घर म्हटले की आपला माणूस भुलतो. नालासोपाऱ्यात ४१ अनधिकृत इमारती न्यायालयाच्या आदेशाने तोडल्या गेल्या, ती कारवाई २०२५ च्या सुरुवातीला पुरी झाली. त्यात राहणारी कुटुंबेही पै-पै जमवूनच आली होती. कल्याण-डोंबिवलीतील ६५ इमारतींनी तर बनावट परवानग्या दाखवून महारेराचा नंबरही मिळवला होता. म्हणून केवळ नंबर पाहून थांबू नये. बांधकाम परवानगीचा कागद खरा आहे का, हे पालिकेच्या नगररचना खात्यात जाऊन विचारावे. वकिलाला दाखवायला चार पैसे पडतील, ते द्यावेत.

बांधकाम चालू असलेल्या इमारतीत करार नोंदवण्याआधी १० टक्क्यांहून अधिक रक्कम मागण्याचा बिल्डरला अधिकार नाही. नोटरीच्या कागदावर घेतलेली खोली म्हणजे मालकी नव्हे. दुय्यम निबंधकाकडे नोंदलेला दस्त तोच खरा.

या रविवारी नवराबायकोने, मोठ्या मुलांना सोबत घेऊन, एकत्र बसावे. एका कागदावर तीन आकडे लिहावेत: उरलेली वर्षे, दरमहा बाजूला पडणारी रक्कम, फंडातील शिल्लक. घर केवढे आणि कुठे, हे तो कागदच सांगेल. ते शहराबाहेर असेल, एका खोलीचे असेल. पण निवृत्तीच्या दिवशी ते आपले असेल आणि त्यावर कुणाचे देणे नसेल.