बर्फावरची पाखोमोवा

ल्युदमिला पाखोमोवाने १९६६ साली जोडीदार बदलला, तेव्हा अनेकांना तो शुद्ध वेडेपणा वाटला. व्हिक्तर रीझकिनबरोबर ती आइस डान्सिंग या स्केटवरच्या जोडीनृत्यात सोव्हिएत संघाची राष्ट्रीय विजेती होती. आता तिने निवडला अलेक्सांद्र गोर्शकोव. तिच्याच वयाचा, शांत, फारसं नाव नसलेला. प्रशिक्षक येलेना चायकोव्हस्कायाही तेव्हा जेमतेम पंचविशी ओलांडलेली. चारच वर्षांत, १९७० साली, ल्युब्लियानाला हे दोघं जगज्जेते झाले. लग्नही त्याच वर्षी केलं.

तोवर आइस डान्सिंग म्हणजे इंग्रजांचं घरचं कार्य. टाउलर आणि फोर्ड या ब्रिटिश जोडीने १९६६ पासून सलग चार वर्षं जागतिक विजेतेपद सोडलं नव्हतं. सोव्हिएत दरारा होता तो पेअर्समध्ये, जिथे पुरुष जोडीदारणीला डोक्यावर उचलतो, हवेत फेकतो. डान्सिंगमध्ये त्याला मज्जाव. मग उरतात ती बिलगून, तिरकं झुकून घेतलेली वळणं. स्केटचं पातं सुमारे ४ मिलिमीटर रुंद, मधोमध पन्हळ, दोन्ही अंगांना धार. अंग जितकं झुकेल तितकं वळण खोल. पाय एकमेकांत असे गुंतलेले, की एकाची धार चुकली तर दुसरा आडवा झालाच म्हणून समजा.

इंग्रज हे सारं बॉलरूमच्या शिस्तीत करत. गितिस या मॉस्कोच्या नाट्यसंस्थेत नृत्यदिग्दर्शन शिकलेल्या पाखोमोवाने त्यात रंगभूमी आणली. ‘चास्तुश्की’ या रशियन खेड्यांतल्या मिस्कील गाण्यांवर ती ठसक्यात नाचली. १९७४ला म्युनिकमध्ये ‘ला कुम्पारसिता’वर टँगो केला, तो आजही जुने रसिक आठवतात.

पण माझ्या मते तिचं मोठं काम त्याच वर्षीचं, ‘टँगो रोमँटिका’. स्पर्धेत तेव्हा सक्तीची फेरी असे: सगळ्या जोड्यांनी तीच नेमून दिलेली पावलं करायची. त्यातली कितीतरी नृत्यं १९३०च्या दशकात इंग्लंडात बसवलेली. पाखोमोवा, गोर्शकोव आणि चायकोव्हस्काया यांनी बसवलेला हा टँगो त्या पंक्तीत जाऊन बसला. मिनिटाला ११२ ठोके. पदकं कपाटात राहतात. इथे मात्र प्रतिस्पर्ध्यांनाही तिची पावलं गिरवावी लागली.

१९७५ साली युरोपीय विजेतेपदानंतर गोर्शकोव्हच्या फुप्फुसावर शस्त्रक्रिया झाली. त्या वर्षीचं जागतिक विजेतेपद इरिना मोइसेयेवा आणि आंद्रेई मिनेन्कोव या दुसऱ्या सोव्हिएत जोडीकडे गेलं. पुढच्या वर्षी इन्सब्रुकला आइस डान्सिंग पहिल्यांदाच ऑलिंपिकमध्ये आलं. सुवर्ण पाखोमोवा-गोर्शकोव्हचं, रौप्य याच मोइसेयेवा-मिनेन्कोव्हचं. त्याच वर्षी सहावं जागतिक विजेतेपद मिळवून त्यांनी स्पर्धा सोडली. १९७७ला मुलगी झाली.

मग ती शिकवू लागली. रक्ताच्या कर्करोगाने ग्रासलं तरी शिष्य सुटले नाहीत. १७ मे १९८६ला ती गेली. वय अवघं ३९. गोर्शकोव पुढे रशियन फिगर स्केटिंग महासंघाचे अध्यक्ष झाले आणि २०२२ साली वारले.

तिच्या शिष्यांत इगोर श्पिलबांद होता, १९८३चा ज्युनियर जगज्जेता. पुढे तो अमेरिकेत स्थायिक झाला. २०१०च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये सुवर्ण मिळवणारे कॅनडाचे व्हर्चू-मॉयर आणि रौप्य मिळवणारे अमेरिकेचे डेव्हिस-व्हाइट, दोन्ही जोड्यांना तो मारिना झुएवासह शिकवत होता. ऑलिंपिकमधली सक्तीच्या नृत्याची ती शेवटची फेरी. नेमून दिलेलं नृत्य होतं ‘टँगो रोमँटिका’.