श्वासनलिका धातूची की नायलॉनची?

खारघरच्या एखाद्या गॅरेजात मिस्त्रीने अ‍ॅल्युमिनियमची चकचकीत नळी आणि टिचकी मारली असता बद्द वाजणारी काळी, हलकी नायलॉनची नळी शेजारी शेजारी मांडली, की गिऱ्हाइकाचा हात आपोआप पहिलीकडे वळतो. आणि तांब्यापितळेची भांडी वाजवून, हातात तोलून घेण्याची सवय ज्यांच्या अंगी पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली आहे, त्यांच्याकडून निराळ्या वर्तनाची अपेक्षा तरी कशी करावी? तथापि जड ते टिकाऊ हा तांबट आळीतील न्याय इंजिनाला हवा पुरविणाऱ्या भागांना सरसकट लावणे मला धाडसाचे वाटते.

पद्मिनी मोटारी बोरघाट चढत त्या काळी इंजिनालगतच्या तापलेल्या पेट्रोल-पंपावर ओले फडके टाकून बसलेली मंडळी ज्यांनी पाहिली असतील, त्यांना इंजिनाच्या कोठडीतील उष्णतेचा उपद्रव निराळा सांगावयास नको. त्या धातूच्या युगातही कार्बोरेटर आणि सिलिंडरांना हवा वाटून देणारा मॅनिफोल्ड यांच्यामध्ये फायबरचे जाड पॅकिंग घालून उष्णता अडविण्याचे काम अधातूकडेच सोपविलेले असे. हवा तापली की विरळ होते: तिचे तापमान ३० अंशांवरून ४५ अंशांवर गेले, तर तेवढ्याच जागेत सुमारे पाच टक्के कमी हवा मावते आणि त्या प्रमाणात इंजिनाचे बळ घटते. काचतंतू मिसळलेल्या नायलॉनची उष्णतावाहकता अ‍ॅल्युमिनियमच्या मानाने कित्येक शतपटींनी कमी, आणि वजन निम्म्याच्या आसपास. मोटार कंपन्यांनी धातूचे मॅनिफोल्ड मागे टाकले ते केवळ काटकसरीपोटी नव्हे. अर्थात द्रुतगती मार्गावर हवा त्या नळीतून निमिषार्धात निघून जात असल्यामुळे हा भेद तेथे फारसा जाणवत नाही, तो जाणवतो शीव-पनवेल महामार्गावर गाडी मुंगीच्या पावलांनी सरकत असताना. सबब नुसती नळी बदलून ‘पिकअप’ वाढल्याची जी ग्वाही दिली जाते, तिच्यात नव्या आवाजाचा वाटा पुष्कळ असतो.

मग प्लॅस्टिक निर्दोष म्हणावे काय? अमेरिकेत फोर्ड कंपनीच्या ४.६ लीटरच्या, आठ सिलिंडरांच्या इंजिनांत १९९६ पासून काही वर्षे जो संपूर्ण प्लॅस्टिकचा मॅनिफोल्ड येत असे, त्यात इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा मार्गही त्याच प्लॅस्टिकात घडविलेला होता; तेथे भेगा पडून पाणी गळू लागले, प्रकरण कोर्टापर्यंत पोहोचले, आणि सुधारलेल्या मॅनिफोल्डमध्ये तेवढा पाण्याचा मार्ग अ‍ॅल्युमिनियमचा करून बाकीचा देह प्लॅस्टिकचाच ठेवण्यात आला. ही तडजोड मला मोठी मार्मिक वाटते.

आपल्याकडे तिचा प्रत्यय टर्बो डिझेल गाड्यांत येतो. कळंबोलीहून निघून खोपोलीपुढचा चढ लागला, की टर्बोने दाबलेली हवा शंभर-दीडशे अंशांपर्यंत तापून नळीच्या भिंतींवर आतून रेटा देऊ लागते. काही वर्षांच्या अशा जाचानंतर माझ्या गाडीची प्लॅस्टिकची नळी ऐन घाटात उलली, शिटीसारखा आवाज झाला, काळा धूर निघाला, आणि एका मिस्त्रीने एम-सील लावून केलेली मलमपट्टी दुसऱ्या चढापर्यंतही टिकली नाही. तेथे आता अ‍ॅल्युमिनियमची नळी आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु एअर फिल्टरकडची, दाब नसलेली नळी मी कंपनीचीच, प्लॅस्टिकची, कायम ठेवली.

विकत घेताना प्लॅस्टिकच्या अंगावरील ठसा वाचावा. ‘पीए ६६-जीएफ ३०’ याचा अर्थ तीस टक्के काचतंतूंचे नायलॉन. सुमारे १६० अंशांनाच वितळणारे ‘पीपी’ फिल्टरच्या डब्यास चालेल, इंजिनालगत नव्हे. आणि काहीच ठसा नसलेला माल दुकानदाराच्या शब्दावर घेऊ नये. धातूच्या बाबतीत नळीच्या आत बोट फिरवून वेल्डिंगचे दाणे किंवा ओतकामाची वाळू राहिली नाही ना, याची खातरजमा करावी, कारण फिल्टरच्या पुढे सुटलेला प्रत्येक कण थेट सिलिंडरात जातो. साध्या लोखंडी नळीवरचा मुलामा खाडीच्या खाऱ्या, दमट हवेत फार दिवस तग धरीत नाही, आणि लोखंडी क्लॅम्पखाली ओल साचली, की अ‍ॅल्युमिनियमवरही पांढरी भुकटी धरते.

थंड हवेच्या लोभाने फिल्टर बंपरमागे खाली उतरविणारे जे संच हल्ली विकले जातात, त्यांच्याविषयी मात्र माझे मत कठोर आहे. महामार्गाखालील भुयारी वाटेत गुडघाभर पाणी साचलेले असताना अशी गाडी हवेऐवजी पाणी ओढते. पाणी दाबले जात नसल्यामुळे पिस्टनचा दांडा वाकतो. आणि त्यानंतर विमा कंपनीचा सर्वेक्षक दस्तऐवज मागवून जी कैफियत विचारतो, तिला उत्तर देताना नळी कोणत्या धातूची होती हा मुद्दा कोणाच्याही उपयोगी पडत नाही.

मी दर जूनच्या आरंभी दोन्ही नळ्यांचे क्लॅम्प पान्याने चाचपून पाहतो. गेल्या खेपेस सैल निघाला तो अ‍ॅल्युमिनियमच्या नळीचा.