विश्लेषण : मोकळी दिसणारी कारपूल मार्गिका वाया जाते का?

शेजारच्या मार्गिकांमध्ये गाड्या मुंगीच्या गतीने सरकत असताना एक राखीव मार्गिका मोकळी दिसली, की तिचे नियम शिथिल करा, अशी मागणी होतेच. अमेरिकेतील लॉस एंजेलिसमध्ये २००० साली ती मान्य झाली. मात्र सात महिन्यांच्या आत निर्णय फिरवावा लागला.

ही मार्गिका कोणासाठी?

कारपूल मार्गिका बस आणि ठरावीक संख्येने प्रवासी असलेल्या मोटारींसाठी राखीव असते. एल मॉन्टे ते लॉस एंजेलिसचा मध्यवर्ती भाग या पट्ट्यात, सॅन बर्नार्डिनो फ्रीवेवर, ती १९७३ मध्ये बससाठी सुरू झाली. पुढे चालकासह किमान तिघे असलेल्या मोटारींनाही मुभा मिळाली.

नियम बदलल्यावर काय झाले?

मार्गिकेचा पुरेसा वापर होत नाही, या तक्रारीवरून कायदा झाला आणि १ जानेवारी २००० पासून तिघांची अट दोघांवर आली. सकाळच्या गर्दीत राखीव मार्गिकेतील वाहने ताशी १,१०० वरून १,६०० झाली. वेग मात्र ताशी सुमारे १०५ किमीवरून ३२ किमीवर घसरला. बसप्रवास २० ते ३० मिनिटांनी लांबला. शेजारच्या मार्गिकांनाही दिलासा मिळाला नाही. तेथील वेग ताशी ४० किमी होता, तो ३७ वर आला.

वाहने वाढली, मग प्रवासी का घटले?

या मार्गिकेतून ताशी ५,९०० माणसे जात होती, ती ५,२०० वर आली. म्हणजे एका वाहनामागे पाचहून अधिक असलेली सरासरी सव्वातीनवर घसरली. बस कोंडीत अडकल्या आणि तिघांनी एकत्र जाण्याचा फायदाच उरला नाही. अखेर तातडीने नवा कायदा करून २४ जुलै २००० पासून गर्दीच्या वेळी तिघांची अट परत आणली गेली. इतर वेळी दोघांना मुभा राहिली.

मूल्यमापन कसे करावे?

सर्वसाधारण मार्गिका पूर्ण क्षमतेने वाहिली तरी तिच्यातून ताशी साधारण दोन हजार मोटारी जातात आणि बहुतेक मोटारींत एकटा चालक असतो. त्यामुळे मोजायची ती माणसे, वाहने नव्हे. त्याबरोबरच बसला लागणारा वेळ, शेजारच्या मार्गिकांवरील परिणाम आणि नियम मोडणाऱ्यांचे प्रमाणही पाहावे लागते. आणखी एक प्रश्न महत्त्वाचा : मोटारीत एकत्र बसलेले लोक घरी गाडी ठेवून आलेले सहकारी आहेत, की एरवीही सोबतच निघणारे पती-पत्नी? पहिल्या प्रकारात रस्त्यावरची एक गाडी कमी होते. दुसऱ्यात होत नाही.

थोडक्यात, मार्गिका मोकळी दिसते म्हणून ती निकामी ठरत नाही. एल मॉन्टेत ती मोकळी होती म्हणूनच बस वेळेवर पोहोचत होत्या.